मुंजाजीच्या डाव्या हाताची खुर्ची

मुंजाजी खिल्लारे या माणसावर मी जितका ओरडलो तितका आयुष्यात कुणावर ओरडलो नाही. मी एस.टी.चा ड्रायव्हर, तो कंडक्टर. हिंगोली डेपोत आम्ही एकाच वर्षी लागलो, आणि ड्युट्या लावणाऱ्या साहेबानं कधीतरी आम्हाला पुसेगावच्या गाडीवर एकत्र टाकलं. मी तोंडाचा फटकळ, मुंजाजीच्या तोंडात मूग. दोघांचं जमेल असं साहेबाला वाटलं असावं. जमलं, पण माझा घसा त्यात कायमचा बसला.

ओरडण्याचं कारण नेहमी एकच. थांब्यावर माणसं चढायची, दोन घंट्या व्हायच्या, मी गिअर टाकून क्लच सोडणार तेवढ्यात पुन्हा एक घंटी. म्हणजे थांब. मी आरशात बघायचो. लांब बांधावरून कुणीतरी हात हलवत येत असायचं. बाई आहे की बाप्या तेही मला कळायचं नाही, पण मुंजाजीला कळायचं. पुसेगावला आम्ही कधी वेळेवर पोचलो असू तर तो बंदचा दिवस असेल. मी आरशातूनच दातओठ खायचो, आणि तो मागच्या दारात उभा राहून सांगायचा, "येऊन राहिली ना बिचारी. दोन मिंटं, वसराम."

एकदा आम्ही बदली ड्युटीवर वसमतची गाडी घेऊन चाललो होतो. शिरड शहापूर सोडून चार किलोमीटर पुढं आलो आणि मुंजाजीनं डोकी मोजली. ही त्याची सवय, प्रत्येक थांब्यानंतर डोकी मोजायची. एक डोकं कमी भरलं. वसमतचं तिकीट काढलेला एक म्हातारा शिरडला पाणी प्यायला उतरला होता, तो मागंच राहिला. मुंजाजीनं घंटी मारली आणि मला गाडी वळवायला लावली. गाडीत पन्नास माणसं, प्रत्येकाची शिवी वेगळी. शिरडला आलो तर म्हातारा पारावर चहा पीत बसलेला. म्हणाला, "मी उतरलोच की. लेकीचं गाव हाय, म्हनलं भेटून जावं." गाडीतली माणसं आधी चिडली, मग हसू लागली. मुंजाजी मात्र खूश. म्हातारा हरवला नाही एवढंच त्याला पुरे होतं.

असा हा माणूस. घरातही तसाच. सोजराबाई, त्याची बायको, ती करडी. पोरीला धाक आईचा, आणि लाड करून घ्यायचे बापाकडून. आकांक्षा एकुलती एक. तिच्या बापानं तिला कधी 'नाही' म्हटलेलं मी ऐकलं नाही, आणि मी त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहतो.

आकांक्षा संभाजीनगरला लॅबचं शिकायला होती. तिथल्या होस्टेलवर तिला हा नाद लागला. खेळ परदेशी, पत्त्यांचा. त्याचं इंग्रजी नाव लांबलचक आहे, माझ्या जिभेवर ते बसत नाही. पत्त्यांवर पांढऱ्याफटक चेहऱ्याची, लाल ओठांची, काळ्या झग्यातली माणसं. माणसं कसली, व्हँपायर. दुसऱ्याच्या मानेचं रक्त पिऊन शेकडो वर्षं जगणारी भुतं. प्रत्येक खेळणारा आपापल्या पसंतीचे पत्ते वर्षानुवर्षं जमवतो आणि स्वतःची गड्डी बांधतो. आकांक्षा आता हिंगोलीतल्या एका लॅबमध्ये आहे. मी तिला म्हणायचो, "बाई, आठवडाभर लोकांचं रक्त काढती, आन् सुट्टीच्या दिवशी पुन्हा रक्तच?"

"काका, इथं कोणी ओरडत न्हाई ना," ती म्हणायची.

गावात खेळायला कुणी नाही, म्हणून तिनं आम्हा दोघा म्हाताऱ्यांना शिकवलं. निवृत्त माणसाला नको म्हणायला तोंड नसतं. खेळ तसा समजायला सोपा आहे. पाच जण गोल बसतात. प्रत्येकाजवळ रक्ताचे तीस थेंब, आमच्याकडे थेंब म्हणून चिंचोके. आपल्या डाव्या हाताला बसलेला तो आपली शिकार, उजव्या हाताला बसलेला तो आपला शिकारी. स्वतःचे थेंब खर्चून व्हँपायर मैदानात उतरवायचे आणि त्यांना डावीकडच्यावर सोडून त्याचे थेंब उडवायचे. चाल केलेला पत्ता आडवा पडतो, आपली पाळी परत येईपर्यंत त्याला दुसरं काम नाही. उभा ठेवलेला पत्ता पहारा देतो आणि उजवीकडून आलेली चाल अडवतो. सगळेच पुढं पाठवले तर आपली पाठ उघडी. ज्याचे थेंब संपले तो उठला. त्याला उठवणाऱ्याला एक गुण आणि वर सहा थेंब बक्षीस.

मुंजाजीनं हे सगळं नीट ऐकून घेतलं होतं. मग विचारलं, "म्हंजे डाव्या हाताच्या माणसाला गाडीतून उतरवायचं?"

"व्हय, पप्पा."

"आन् त्याचं गाव आलं नसलं तर?"

आम्ही हसून हसून बेजार झालो. पण तो खरंच विचारत होता. दोन वर्षं आम्ही दर रविवारी खेळलो आणि त्या दोन वर्षांत मुंजाजीनं कुणाला उठवल्याचं मला आठवत नाही. पत्ते त्याला बरोबर कळायचे. कुणाच्या हातात काय आहे, कोण कधी काय काढेल, हे तो माझ्याआधी ओळखायचा. पण डाव्या हाताच्या माणसाचे चार-पाच चिंचोके उरले की याचा हात आखडायचा. मग म्हणायचा, "या खेपेला राहू दे."

आता खरी गोष्ट. पुण्याला या खेळाची देशपातळीवरची स्पर्धा भरते. तिथं जायचं तर आधी एक स्थानिक स्पर्धा जिंकावी लागते, आणि त्या स्पर्धेत किमान दहा खेळणारे लागतात. आकांक्षानं हिंगोलीत दोनदा स्पर्धा ठेवली. एकदा आठ जण आले, एकदा नऊ; आम्ही दोघं तेव्हा अजून खेळ शिकलो नव्हतो. दोन्ही वेळा ती जिंकली आणि दोन्ही वेळा ते जिंकणं मोजलं गेलं नाही. दुसऱ्या वेळी ती पत्ते भरून घरी आली ते थेट अंथरुणात गेली. सहा वर्षं ती खेळत होती. पुण्याला नुसतं त्या टेबलाशी बसायचं, एवढंच तिला हवं होतं.

या मार्चमध्ये तिनं तिसऱ्यांदा स्पर्धा ठेवली. पुण्याच्या आधीची ही शेवटची संधी. आठ जण पक्के झाले. नववा मी आणि दहावा मुंजाजी.

बसस्टँडमागच्या एका कोचिंग क्लासचा हॉल रविवारी मोकळा असतो, तिथं टेबलं लावली. खिडक्यांतून हळद शिजवल्याचा वास येत होता. पंच म्हणून नांदेडहून श्रेयस नावाचा तरुण आला होता, चष्मा लावलेला, बोलायला गोड आणि नियमाला कडक. खेळणारे कुठून कुठून आलेले. सेनगावचा सुरज, जनावरांच्या दवाखान्यात काम करणारे हरिचंद, वसमतच्या शाळेतल्या निता मॅडम. सोजराबाईनं सगळ्यांसाठी धपाटे दिले होते. मला वाटलं, चला, पोरीचं काम झालं. दहा भरले.

पहिल्या फेरीत मी वीस मिनिटांत उठलो. त्याबद्दल काही सांगण्यासारखं नाही. मोकळा झालो म्हणून मुंजाजीच्या टेबलामागं जाऊन उभा राहिलो. त्याच्या डाव्या हाताला निता मॅडम होत्या. त्यांनी सुरुवातीलाच उधळपट्टी केली आणि त्यांचे दोन थेंब उरले. मुंजाजीनं एक फुंकर घातली असती तर बाई उठल्या असत्या. या गड्यानं हातातला एक पत्ता टाकला, ज्यानं आपलं रक्त दुसऱ्याला देता येतं, आणि आपले चार चिंचोके मॅडमच्या पुढ्यात सारले.

श्रेयस आला. "काका, तुमच्या शिकारीला तुम्हीच रक्त देताय?"

"त्या वसमतहून आल्यात, सायेब. दोन गाड्या बदलून. अर्ध्या घंट्यात परत लावून द्यायचं का?"

श्रेयसला हसू आलं, पण त्यानं ते गिळलं. तो म्हणाला, "काका, घरी कसंही खेळा. इथं प्रत्येकानं जिंकण्यासाठीच खेळायचं, हा या स्पर्धेचा पहिला नियम आहे. कुणाला मुद्दाम सोडलं तर मला ताकीद द्यावी लागते. ही तुमची ताकीद. पुन्हा झालं तर बाहेर काढावं लागेल. आणि दहातला एक बाहेर काढला की स्पर्धा नऊचीच धरतात."

पलीकडच्या टेबलावर आकांक्षानं मान वर केली. तिचा चेहरा उतरलेला मी पाहिला. मुंजाजीनंही पाहिला. "समजलं, सायेब," तो म्हणाला आणि पुढचा तास अंग चोरून खेळला. कुणाला उठवलं नाही, स्वतः उठला नाही. वेळ संपली तेव्हा जे टिकले त्यांना अर्धा अर्धा गुण मिळाला.

दुसऱ्या फेरीत त्याच्या डाव्या हाताला मीच होतो. मी एक मोठा व्हँपायर उतरवायच्या हौसेनं सगळे चिंचोके मोजून दिले आणि मग लक्षात आलं की आपल्याजवळ एकही उरला नाही. मी माझ्याच हातानं मेलो. पण नियमानं गुण माझ्या शिकाऱ्याला, म्हणजे मुंजाजीला. तो माझी माफी मागायला लागला. मी म्हटलं, "गप बस, आता तरी मला सुखानं मरू दे."

असा हा दीड गुण घेऊन मुंजाजी अंतिम पाचांत गेला. पाचवा. पहिली आकांक्षा.

अंतिम डावात जागा धरायची एक पद्धत आहे. सगळ्यांत कमी गुणवाला आधी बसतो, मग त्याच्या वरचा, आणि पहिला आलेला सगळ्यांत शेवटी, आपल्या मर्जीच्या दोघांमध्ये खुर्ची सरकवून. त्याला आपला शिकारी निवडता येतो. पहिला येण्याचा मान तो एवढाच. मुंजाजी बसला. मग हरिचंद, निता मॅडम आणि सुरज बसले. आता आकांक्षाची पाळी. तिनं टेबलाला एक चक्कर मारली, जरा थांबली, आणि बापाच्या डाव्या हाताला, सुरजच्या आधी, खुर्ची घातली.

सगळ्यांना कळलं. हरिचंद म्हणाले, "वा, शिकारी पण घरचाच." हसले सगळे. मीही हसलो. खरं सांगायचं तर मला फार आनंद झाला. पोरीनं डोकं लावलं, पाठीची चिंता मिटवली, आता ती सुरजला खाऊन टाकते, असं मला वाटलं. मुंजाजी तेवढा हसला नाही. तो चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसत बसला, आणि पोरीकडे बघत राहिला.

डाव सुरू झाला. आकांक्षा तुफान खेळली. चार व्हँपायर उतरवले आणि चारही सुरजवर सोडले. तिच्या पुढ्यातले चारही पत्ते आडवे. पहाऱ्याला एकही नाही. व्हँपायर उतरवण्यात तिचे थेंब गेले होते, अकरा उरले होते, पण तिला घाबरायचं कारण काय? मागं बाप होता.

मुंजाजीजवळ तीन व्हँपायर झाले होते. तिसऱ्या पाळीला त्यानं त्यातला एक उचलला, आडवा केला, आणि पोरीचे चार थेंब नेले. उरले सात.

आकांक्षानं श्रेयसकडे चोरून पाहिलं आणि बापाकडे झुकून हळूच म्हणाली, "बस झालं, पप्पा. दाखवण्यापुरतं झालं."

मुंजाजीचा आवाज एरवी शेजारच्या सीटवर ऐकू जायचा नाही. त्या वेळी तो सगळ्या हॉलला ऐकू गेला. "आकांक्षा, मागं बघ. मी येऊन राहिलो."

ती हसली. तिला ती बापाची गंमत वाटली असणार, किंवा पंचाला ऐकवण्यासाठी केलेलं नाटक. मलाही तसंच वाटलं. तिनं पुन्हा चारही व्हँपायर सुरजवर सोडले. सुरजनं एक चाल अडवली आणि दोन थेंबांवर तगला. तिच्या पुढ्यात पुन्हा चार आडवे पत्ते. पुढच्या फेरीत सुरज जाणार, हे उघड होतं.

मधे सुरज, निता मॅडम आणि हरिचंद खेळून झाले. मग मुंजाजीची पाळी आली. पहिला व्हँपायर आडवा केला, दोन थेंब. दुसरा, आणखी दोन. आकांक्षाचं हसू गेलं. तिनं बापाच्या तोंडाकडे पाहिलं. तो तिच्याकडे बघत नव्हता, हातातल्या पत्त्यांकडे बघत होता. तिसरा व्हँपायर एकटा दोनच थेंब नेऊ शकत होता, एक उरला असता. मुंजाजीनं हातातला एक पत्ता वर काढला. तो व्हँपायरवर ठेवला की त्याची चाल एका थेंबानं वाढते. मी मनात म्हटलं, ठेव तो खाली, मुंजाजी, ठेव. त्यानं तो ठेवला, पण व्हँपायरवर. तीन थेंब. संपलं.

श्रेयसनं नियमाप्रमाणे सहा थेंब मुंजाजीपुढं ठेवले. त्यानं ते उचलले नाहीत. शेवटी आकांक्षानंच ते त्याच्या ढिगाकडे सरकवले, आपले पत्ते गोळा केले, त्याला रबर लावलं आणि बाहेर गेली.

मी तिच्या मागं गेलो. ती बाहेरच्या पायऱ्यांवर बसली होती. बावीस वर्षं गाडी चालवताना मी मागं बसलेल्यांशी कधी बोललो नाही, तो मुंजाजीचा प्रांत. मी आपला शेजारी बसलो. तिनं विचारलं, "काका, पप्पांनी काहून असं केलं?" मला फक्त राग आला होता, आणि तो आतल्या टेबलावर बसलेल्या माणसाचा होता.

अर्ध्या-पाऊण तासानं मुंजाजी बाहेर आला. हरिचंदनी त्याला उठवलं होतं. पोरीच्या मागं लागण्यात त्याचीही पाठ उघडी पडली होती. सुरज दोन थेंबांवरून वर आला आणि शेवटी जिंकला तोच. पुण्याला आता सुरज जाणार होता.

मुंजाजी दिसला आणि माझं तोंड सुटलं. "अरे, परक्या मानसासाठी तू गाड्या थांबवल्या! पन्नास मानसाच्या शिव्या खाऊन गाडी वळवली! आन् सोताच्या लेकराला मधीच उतरवलं? तुला लाज न्हाई वाटली?"

तो खालच्या पायरीवर बसला. माझ्याकडे बघून बोलला, पण ते पोरीसाठी होतं, हे मला कळत होतं.

"ही शिकत व्हती ना, वसराम, तवा सुट्टीत सुया घेऊन यायची. माज्या हातावर सराव करायची. रोज. म्या म्हणायचो, घे, न्हाई दुखत. दुखायचं. लई दुखायचं. सुई आडवी जायची. आन् म्या हसायचो, का तर पोरीचं मन मोडू नये. मंग तिकडं गेल्यावर पहिल्या पेशंटला हिनं तशीच सुई घातली. ती बाई अशी किंचाळली की सगळं वॉर्ड गोळा झालं. ही रडत घरला आली. मला म्हणली, पप्पा, तुमी एकदा तरी वरडायला पायजे व्हतं. मला कळलंच न्हाई." तो थांबला. तळहातानं डोळे पुसले. "आज तिनं खुर्ची सरकवली आन् मला तेच आठवलं. पुण्याला तिच्या उजव्या हाताला कुणाचा बाप बसणार हाय?"

मला तो सुयांचा किस्सा माहीत नव्हता. भिंतीला भिंत लावून राहिलो आणि माहीत नव्हता. इतकी वर्षं या माणसाला मी मऊ, भोळा, कुणालाही नाही म्हणू न शकणारा समजत आलो. त्या पायरीवर मला माझीच लाज वाटली.

आकांक्षानं गड्डीचं रबर काढून परत लावलं. मग म्हणाली, "मला सहा वर्षं झाली खेळायला. पाठीला पहारा न ठेवता मी कधीच खेळत न्हाई. आज न्हाई ठेवला. दुसऱ्या कोणाच्या डाव्या हाताला बसले असते तर ठेवला असता."

"तेच की," मुंजाजी म्हणाला.

"तेच न्हाई, पप्पा. तुमी खेळून राहिले होते आणि मी तुमाला खेळणारा धरलंच न्हाई. तुमी मला हाक मारून सांगितलं, मागं बघ म्हणून. मी हसले."

मुंजाजीनं एवढंच विचारलं, "पुन्याचं राह्यलं ना गं, बाई?" साठी उलटलेला माणूस चपलांच्या ढिगाशेजारी बसून हुंदके देऊन रडला. सेवानिवृत्तीच्या दिवशी हार घालून घरी सोडलं तेव्हाही हा रडला नव्हता.

"राहिलं," आकांक्षा म्हणाली. तिनं ते लपवलं नाही, आणि काही होत नाही असंही म्हटलं नाही. तिचेही डोळे भरले होते. तिनं ओढणीनं आधी बापाचे डोळे पुसले, मग आपले. मग उठून आत गेली आणि सुरजला हात मिळवला. पुण्याच्या गड्डीत कोणता पत्ता कमी पडेल तेही त्याला सांगितलं. सुरज बिचारा ओशाळला होता.

श्रेयस कागद भरत होता. तो आकांक्षाला म्हणाला, "दहा खेळाडू, मॅडम. स्पर्धा ग्राह्य." तो चांगल्या मनानं म्हणाला, पण ऐकवत नव्हतं. मी खुर्च्या एकावर एक रचायला लागलो. कुणाच्या तरी उपयोगी पडल्यासारखं वाटावं म्हणून.

"काका, खुर्च्या राहू द्या," आकांक्षा म्हणाली. "हॉल पाचपर्यंत आपला हाय. अजून एक डाव होतो. निता मॅडम, तुमची गाडी किती वाजता?"

"साडेपाचला," मॅडम म्हणाल्या आणि परत बसल्या. हरिचंद बसले. सुरज बसायला आला, पण मीच त्याला म्हटलं, "तू आता पुन्याचा मानूस, तू बघत बस," आणि त्याची जागा घेतली. मुंजाजी दारात उभा होता. या माणसाला टेबलापर्यंत आणायला हाताला धरावं लागलं. तो बसला, आणि आकांक्षानं आपली खुर्ची उचलून पुन्हा त्याच्याच डाव्या हाताला आणली.

"तिथं नको गं," तो म्हणाला. "वसरामपाशी बस. त्याला काही येत न्हाई."

"इथंच बसते. पण सोडायचं न्हाई, पप्पा. नाहीतर मी श्रेयस सरांना सांगेन."

मुंजाजी पहिल्या दोन फेऱ्या नुसताच पत्ते लावत राहिला. मग त्यानं एकदा पोरीकडे पाहिलं, हातातला व्हँपायर आडवा केला आणि तिच्यावर चाल केली. आकांक्षा पुढं सरसावून बसली आणि तिनं आपल्या पुढ्यातल्या उभ्या पत्त्यावर बोट ठेवलं. या वेळी पहारा होता.